खोल तापमानाचा अंदाज : एका नमुन्यावर का भागत नाही?

‘ग्रॅनाइटचा तुकडा पाठवतो, सहा किलोमीटरवरचे तापमान कळवा,’ अशी विचारणा आमच्याकडे बरेचदा होते. अडचण अशी, की खडकात तयार होणारी उष्णता पृथ्वीच्या कवचात सारखी पसरलेली नाही.

ही उष्णता मुख्यतः युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या किरणोत्साराची. पोटॅशियममध्ये किरणोत्सारी अणू दहा हजारांत जेमतेम एक असतो, पण खडकात पोटॅशियमच एवढे, की त्याला वगळता येत नाही. खंडीय कवचाच्या वरच्या भागात दर दहा लाख भागांमागे युरेनियम सुमारे २.७ आणि थोरियम १०.५ भाग असते. तळाच्या भागात तेच ०.२ आणि १.२ वर येते. युरेनियम-थोरियमचे मोठे, जादा विद्युतभाराचे आयन ऑलिव्हिन-पायरॉक्सीन या खनिजांच्या स्फटिकात मावत नाहीत. खडक थोडाफार वितळला की ते शिलारसात उतरतात आणि त्याच्याबरोबर वर येऊन ग्रॅनाइटमध्ये थिजतात. खाली उरतो तो कोरडा, या मूलद्रव्यांना पारखा झालेला खडक.

वरच्या कवचाचा एक घनमीटर साधारण १.६ मायक्रोवॅट उष्णता देतो. हाच दर ४० किलोमीटर खोलवर धरला, तर दर चौरस मीटरला ६४ मिलिवॅट होतात. खंडांवर मोजलेला सरासरी उष्णताप्रवाह ६५ च्या आसपास आहे, म्हणजे प्रावरणातून (कवचाखालच्या थरातून) येणाऱ्या उष्णतेला जागाच उरत नाही! भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट स्ट्रट यांनी खडकांतले रेडियम मोजून १९०६ मध्येच ताडले होते, की किरणोत्सार वरच्या पातळ कवचापुरताच असला पाहिजे.

पुढे १९६८ मध्ये भूभौतिकशास्त्रज्ञ फ्रान्सिस बर्च आणि सहकाऱ्यांनी उष्णताप्रवाह आणि पृष्ठभागावरच्या खडकाची उष्णतानिर्मिती यांचा सरळ रेषेतला संबंध दाखवला. त्यावरून ‘दर दहा किलोमीटरला उष्णतानिर्मितीत ठरावीक पटीने घट’ असे सोयीचे सूत्र निघाले. ते आम्ही डोळे मिटून वापरत नाही. रशियातल्या कोला (१२ किलोमीटरहून खोल) आणि जर्मनीतल्या केटीबी (सुमारे ९ किलोमीटर) या संशोधनासाठी खोदलेल्या बोअरमध्ये अशी सलग घट दिसलीच नाही. खडक बदलला की आकडा उडी मारतो, खोली दुय्यम.

म्हणून बोअरमध्ये लागलेल्या प्रत्येक खडकाचा ताजा कोअर (छिद्रातून काढलेला दंडगोल नमुना) पाठवा. उघड्यावरचा झिजलेला दगड नको, कारण प्राणवायू असलेल्या पाण्यात युरेनियम विरघळून निघून जाते. गॅमा लॉग (बोअरमध्ये खोलीनुसार घेतलेली किरणोत्साराची नोंद) असेल तर तोही द्या; तिन्ही मूलद्रव्ये वेगळी दाखवणारा असेल तर उत्तमच.

मात्र बोअर उथळ असेल तर हा खर्च करू नका. वरचा उष्णताप्रवाह मोजलेला असेल आणि खडकाच्या उष्णतानिर्मितीचा दर घनमीटरला १ धरायचा की ३ मायक्रोवॅट एवढाच प्रश्न असेल, तर दोन किलोमीटरवर अंदाजात फरक पडतो दीड-दोन अंशांचा. सहावर तो चौदाच्या घरात जातो, दहावर चाळीसच्या. आणि गंमत अशी, की प्रवाह तोच असताना वरचा खडक जास्त उष्णता देणारा निघाला, तर खालचे तापमान कमी येते, कारण तेवढी उष्णता खालून आलेलीच नसते.