पाऊस तोंडावर, आणि झाडावर कच्ची अंजिरं

आमच्या रोपवाटिकेतून अंजिराचं रोप नेलेल्या सर्वांसाठी

मे सरत आला की हातात हिरवी, टणक अंजिरं घेऊन लोक येतात आणि विचारतात, "उतरवून अढीत घातली तर पिकतील ना?" नाही पिकत. आंबा, चिकू, केळी उतरवल्यावरही पिकतात. अंजीर कच्चं तोडलं की तिथंच थांबतं. मऊ पडेल, सुरकुतेल, पण गोडी भरणार नाही. पुरंदरच्या बागांतही मीठा बहार (उन्हाळ्यात निघणारं पीक) सरताना शेवटची काही फळं अशीच अडकतात.

अंजीर सुरुवातीला भराभर वाढतं, मग कित्येक दिवस आहे तेवढंच राहतं आणि शेवटच्या थोड्या दिवसांत एकदम फुगून रंग धरतं. म्हणून आधी फळ हातात धरून बघा. देठाजवळची मान वाकू लागली असेल, दाबल्यावर किंचित लवत असेल, तर ते राहू द्या. पूर्ण वाढलेलं पण अजून हिरवंच असेल, तर तळाच्या छिद्रावर काडीनं खाद्यतेलाचा एक थेंब लावा. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत हा फार जुना उपाय आहे. तेलामुळे फळात इथिलीन हा फळ पिकवणारा वायू तयार होतो आणि फळ लवकर पिकतं. लहान, दगडासारख्या फळांवर मात्र तेल वाया घालवू नका. ती पावसाआधी काढून टाका, नाहीतर झाडावरच सडतील, माश्या धरतील.

काढताना चिकाला जपा, हे आम्ही अगदी कळकळीनं सांगतो. आमच्याकडच्या एका ताईंनी भर दुपारी उघड्या हातांनी फळं काढली. त्या दिवशी काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मनगटावर भाजल्यासारखे फोड. हा चीक अंगावर असताना ऊन लागलं की असं होतं, आणि काळे डाग पुढे बरेच दिवस राहतात. हातमोजे आणि लांब बाह्यांचा सदरा घालून संध्याकाळी काढा. चीक लागलाच तर लगेच साबणानं धुवा. मुलांना यात घेऊ नका.

काढलेली फळं कच्ची खाऊ नका, तोंड चरचरतं. निरोगी, कोवळ्या फळांचा मुरंबा मात्र सुरेख होतो. ग्रीस, सायप्रसमध्ये तो पाहुण्यांपुढे ठेवतात. १ किलो फळांचे देठ कापा, सुईनं टोचे मारा, १५ मिनिटं उकळून पाणी फेका. असं तीनदा करा; पहिलं पाणी चिकानं गढूळ होतं, तिसरं बरंच निवळतं. मग १ किलो साखरेच्या पाकात मंद आचेवर शिजवा. फळं काचेसारखी दिसू लागली की १ लिंबाचा रस आणि वेलची घाला. लिंबू वगळू नका; अंजिरात आंबटपणा कमी, त्याच्याशिवाय मुरंबा टिकत नाही.

किडलेली फळं आणि तांबेरा या बुरशीच्या रोगाची पानं झाडाच्या आळ्यात पडू देऊ नका, लांब खड्ड्यात पुरा. खट्टा बहार (पावसाळ्यात धरायचं पीक) धरायचा असेल तर जूनमध्ये छाटणीच्या आधी एकदा येऊन भेटा. झाडाचा फोटो आणलात तर कुठली फांदी किती ठेवायची ते आम्ही खूण करून देऊ.