तार आणि फट: डायपोल व स्लॉट अँटेना यांत नेमका फरक कशात आहे

पत्र्यात कापलेली ३३ सेंटीमीटरची उभी फट आणि तेवढ्याच लांबीची उभी तार शेजारी शेजारी ठेवली, तर दोन्ही ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास अनुनादात येतात, म्हणजे त्या वारंवारतेला सर्वांत सहज प्रतिसाद देतात. दोन्हींच्या प्रारणाचा, म्हणजे बाहेर पडणाऱ्या रेडिओलहरींचा, आकारही मेदूवड्यासारखाच निघतो, आणि म्हणून नव्याने हॅम रेडिओकडे (हौशी रेडिओ-संपर्काकडे) वळलेली मंडळी दोन्हींना एकाच हिशेबात धरतात. तार म्हणजे डायपोल आणि फट म्हणजे स्लॉट अँटेना. लांबी सारखी असली तरी या दोहोंत विजेचा सगळा व्यवहार उलटा चालतो. हा उलटेपणा एकदा नीट समजून घेतला, की केबल कोठे जोडायची, ध्रुवण कोणते मिळेल, पावसाने काय बिघडेल हे वेगवेगळे पाठ करावे लागत नाही.

डायपोलचे गणित बहुतेकांच्या परिचयाचे असते. अर्ध्या तरंगलांबीच्या तारेत विद्युतप्रवाह मधोमध सर्वाधिक असतो आणि टोकांशी शून्य होतो, कारण टोकाच्या पुढे त्याला जायला वाटच नसते. व्होल्टेज मात्र टोकांशी सर्वाधिक असते. मधोमध प्रवाह जास्त आणि व्होल्टेज कमी, म्हणून तेथे इम्पिडन्स (व्होल्टेज आणि प्रवाह यांचे गुणोत्तर) कमी, साधारण ७३ ओहम मिळतो, आणि ५० किंवा ७५ ओहमची केबल तेथे फारशी खटपट न करता जोडता येते.

स्लॉटमध्ये प्रारण करणारा भाग कोणता, हेच आधी स्पष्ट व्हायला हवे. फट म्हणजे धातूचा अभाव. प्रवाह वाहतो तो फटीभोवतीच्या पत्र्यातून. फटीच्या दोन्ही टोकांशी पत्रा अखंड असतो, त्यामुळे तेथे दोन कडांमधले व्होल्टेज शून्य आणि प्रवाह सर्वाधिक असतो. मधोमध दोन कडा एकमेकींपासून सर्वांत ‘दूर’ असतात, अंतराने नव्हे तर विजेच्या दृष्टीने, आणि तेथे त्यांच्यातील व्होल्टेज कमाल होते. डायपोलच्या मधोमध जे असते ते स्लॉटच्या टोकांशी सापडते, आणि डायपोलच्या टोकांशी जे असते ते स्लॉटच्या मधोमध.

प्रकाशशास्त्रात बॅबिनेचे तत्त्व पूर्वीपासून माहीत होते: पडद्याला पाडलेले भोक आणि त्याच आकाराचा तुकडा यांचे परिणाम परस्परपूरक असतात. १९४६ मध्ये हेन्री बुकर यांनी हे तत्त्व ध्रुवणाचा विचार करून रेडिओलहरींना लावले. त्यांच्या सूत्रानुसार स्लॉटचा इम्पिडन्स आणि त्याला पूरक डायपोलचा इम्पिडन्स यांचा गुणाकार स्थिर असतो. मोकळ्या अवकाशाचा इम्पिडन्स ३७७ ओहम. त्याच्या वर्गाची चौथाई म्हणजे सुमारे ३५,५००. या संख्येला ७३ ने भागले की ४८६ उरतात, आणि बारीक स्लॉटच्या मध्यबिंदूवर अनुनादाच्या वेळी जवळपास एवढाच इम्पिडन्स अपेक्षित असतो. मला हे सूत्र फार मोलाचे वाटते, कारण डायपोलविषयी आपण जे जे शिकलो ते एका भागाकाराने स्लॉटसाठी वापरता येते. जाड नळीचा डायपोल पातळ तारेपेक्षा जास्त रुंद पट्ट्यात चालतो. त्याच न्यायाने रुंद फट बारीक फटीपेक्षा जास्त रुंद पट्ट्यात चालते.

प्रत्यक्ष बांधणीत पहिली चूक येथेच होते. डायपोलच्या सवयीने केबल फटीच्या मधोमध जोडली जाते, ४८६ ओहमसमोर ५० ओहमची केबल उभी राहते आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे केबल आणि अँटेना किती विजोड आहेत ते सांगणारा आकडा (जुळणी अचूक असेल तर एक), दहाच्या आसपास दिसतो. मग फटीची लांबी चुकली असे समजून पत्रा पुन्हा पुन्हा कापला जातो. वास्तविक लांबी बरोबरच असते. जोडणीची जागा सरकवायची असते. मधोमध ४८६ आणि टोकाशी शून्य, म्हणजे मध्ये कोठेतरी ५० ओहमचा बिंदू असणारच. साइनच्या वर्गाने हिशेब केला तर तो टोकापासून फटीच्या लांबीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर येतो. आपल्या ३३ सेंटीमीटरच्या फटीत हे अंतर साधारण साडेतीन सेंटीमीटर. केबलची जाळी एका कडेला पक्की करायची, आतली तार फट ओलांडून समोरच्या कडेला जोडायची, आणि केबल हवेत लोंबकळू न देता पत्र्याला चिकटवून फटीपासून दूर न्यायची. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला साध्या सोल्डरने जोड बसत नाही, आणि खाऱ्या हवेत तांबे व ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की जोड गंजतो; किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी पितळेचा पत्रा घेतलेला बरा.

दुसरी चूक ध्रुवणाची, आणि ती जास्त महाग पडते, कारण मीटरवर ती दिसतच नाही. ध्रुवण म्हणजे लहरीतील विद्युतक्षेत्राची दिशा. डायपोलमध्ये हे क्षेत्र तारेच्या दिशेने असते: उभी तार, उभे ध्रुवण. स्लॉटमध्ये क्षेत्र एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत, म्हणजे फटीला आडवे ताणलेले असते, म्हणून उभ्या फटीचे ध्रुवण आडवे असते. स्थानिक एफएम संपर्कासाठी आणि रिपीटरसाठी (सिग्नल घेऊन पुढे पाठवणाऱ्या केंद्रासाठी) उभे ध्रुवण वापरण्याचा प्रघात आहे. तेव्हा एखाद्याने उभी फट लावून रिपीटरला हाक दिली, तर एसडब्ल्यूआर उत्तम असूनही सिग्नल केविलवाणा पोहोचतो. उभ्या-आडव्याचा विरोध असला की वीस डेसिबलपर्यंत, म्हणजे शंभर पटीने, शक्ती वाया जाऊ शकते. उपाय सोपा आहे: पत्रा नव्वद अंशांत फिरवून फट आडवी करायची. उलट, आडवे ध्रुवण हवे आणि प्रसारण मात्र चहूबाजूंना हवे, अशी गरज असेल तर उभी फटच कामाची. १९३८ मध्ये ॲलन ब्लुमलाइन यांनी स्लॉट अँटेना शोधला तो टेलिव्हिजन प्रसारणाच्या नेमक्या अशाच गरजेपोटी.

तिसरा फरक पत्र्याच्या आकाराचा. डायपोल तारेपाशी संपतो. स्लॉटचे सूत्र मात्र अमर्याद पत्रा गृहीत धरते. प्रत्यक्षात एक तरंगलांबी रुंद, म्हणजे ४३५ मेगाहर्ट्झला सुमारे ७० सेंटीमीटरचा पत्रा घेतला तरी काम नीट होते, पण पत्र्याच्या पातळीच्या दिशेने प्रारण क्षीण होते, कारण पुढच्या आणि मागच्या बाजूची क्षेत्रे तेथे एकमेकांविरुद्ध येतात. एकाच बाजूला प्रारण हवे असेल तर फटीमागे साधारण पाव तरंगलांबी खोलीचा धातूचा डबा बसवतात. तेव्हा अर्धे प्रारण बंद होते आणि मध्यबिंदूवरचा इम्पिडन्स जवळपास दुप्पट होतो, म्हणून जोडणीचा बिंदू टोकाकडे आणखी सरकतो. विमानाच्या अंगावर बाहेर काही न काढता अँटेना बसवायचा असतो तेव्हा हीच रचना उपयोगी पडते. तेथे डायपोलचा निभाव लागणार नाही.

स्लॉटचे सामर्थ्य खऱ्या अर्थाने दिसते ते वेव्हगाइडमध्ये, म्हणजे रेडिओलहरी आतून वाहून नेणाऱ्या धातूच्या नळीत. मुंबई बंदरात उभ्या असलेल्या जहाजांच्या डोलकाठीवर आडवी पट्टी गोल फिरताना दिसते. ती रडारची अँटेना, आणि तिच्या प्लास्टिकच्या आवरणाआड बहुधा धातूची पोकळ चौकोनी नळी असते, जिच्या अरुंद बाजूवर ओळीने तिरक्या फटी कापलेल्या असतात. ९.४ गिगाहर्ट्झला हवेतील तरंगलांबी ३२ मिलिमीटर असते, पण २२.८६ मिलिमीटर रुंदीच्या प्रचलित नळीच्या आत ती साडेचव्वेचाळीस मिलिमीटरपर्यंत ताणली जाते. फटी नळीतल्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्या अंतरावर, म्हणजे बावीस मिलिमीटरच्या आसपास ठेवल्या, तर लगतच्या दोन फटींना उलट कलेचा सिग्नल मिळतो, म्हणजे एकीकडे लहरीचा चढ तर दुसरीकडे उतार; म्हणून एक फट डावीकडे तर पुढची उजवीकडे कलती ठेवतात, आणि सगळ्या पुन्हा एका सुरात येतात. फटी जवळजवळ उभ्या, म्हणून ध्रुवण आडवे. एवढे सगळे एका नळीत, एकाही वेगळ्या केबलशिवाय साधते. शेकडो डायपोलांना स्वतंत्र केबल देऊन हेच करायचे म्हटले तर जोडण्या सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतील.

नावामुळे होणारा एक घोटाळाही येथेच नोंदवतो. हॅम मंडळींत ‘स्केलेटन स्लॉट’ नावाचा अँटेना प्रसिद्ध आहे: पत्रा जवळजवळ सगळा काढून टाकून फक्त फटीची चौकट नळीने वळवलेली. नाव स्लॉटचे असले तरी ती चौकट वागते टोके वाकवून जोडलेल्या, एकावर एक ठेवलेल्या दोन डायपोलांसारखी. तिला बुकर यांचे सूत्र जसेच्या तसे लावू नये.

हे सारे डोळ्यांनी पाहायचे असेल तर लहान व्हेक्टर ॲनालायझर, म्हणजे अँटेनाची जुळणी वारंवारतेनुसार आलेखात दाखवणारे यंत्र, पुरतो. डायपोल जोडून पडद्यावरच्या आलेखातला खळगा (अनुनादाची जागा) पाहा आणि कोरडे बोट तारेच्या टोकाजवळ न्या. स्पर्श होण्याआधीच खळगा खालच्या वारंवारतेकडे ढळू लागतो. तेच बोट मध्याच्या जवळ नेले तर फरक फार कमी पडतो. स्लॉटवर हा प्रयोग केला की बरोबर उलट घडते: टोकाशी बोट ठेवून काही बिघडत नाही, पण फटीच्या मधोमध ते दोन कडांवर टेकले की खळगा जागेवर राहत नाही. सहा मिलिमीटरच्या फटीत मधोमध अडकलेला पाण्याचा एक थेंबसुद्धा हे काम करतो. म्हणून पावसाळ्याआधी डायपोलची टोके झाकून घ्यावीत, आणि स्लॉटवर पूर्ण लांबीची, पण पातळ प्लास्टिकची पट्टी लावावी. जाड पट्टी स्वतःच अनुनाद खाली ओढते, त्यामुळे पट्टी लावल्यावरच शेवटचे मोजमाप घ्यावे.