पार्श्वभूमी : मुंबई इलाख्यातील इनाम कमिशन आणि दुमाला जमिनींची चौकशी

१८५२ च्या अकराव्या कायद्याने मुंबई इलाख्यातील इनाम कमिशनरच्या पदाला कायद्याचे पाठबळ मिळाले. ज्या जमिनींना साऱ्याची, म्हणजे जमीन महसुलाची, पूर्ण किंवा अंशतः माफी होती, म्हणजे ज्यांना दप्तरी भाषेत दुमाला जमिनी म्हणत, त्यांवरील हक्क टिकाऊ आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार या कमिशनरला आणि त्याच्या हाताखालील साहाय्यकांना होता. साहाय्यकाच्या निकालावर कमिशनरकडे आणि कमिशनरच्या निकालावर गव्हर्नरच्या कौन्सिलकडे अपील करता येत असे; दिवाणी न्यायालयाचा दरवाजा मात्र इनामदाराला बंद होता. जमीन खालसा झाली, म्हणजे तिची माफी रद्द झाली, तर वाढणारा वसूल सरकारच्याच तिजोरीत जाणार होता आणि ती खालसा करावी की नाही याचा निवाडाही सरकारचेच नोकर करणार होते. या व्यवस्थेबद्दल पुढे जी चीड निर्माण झाली तिचे मूळ कायद्याच्या या रचनेतच होते. ही रचना मात्र एका दिवसात उभी राहिलेली नव्हती.

पेशवाईचा शेवट होत असताना, ११ फेब्रुवारी १८१८ रोजी ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. वतने, इनामे, वर्षासने आणि देवस्थानांची व धर्मादायाची उत्पन्ने यांचे संरक्षण केले जाईल, असे त्यात सांगितले होते. लढाई अजून पूर्ण संपलेली नव्हती, बाजीराव मोकळा फिरत होता आणि गावोगावचे प्रतिष्ठित लोक कोणाच्या बाजूला राहतात यावर बरेच काही अवलंबून होते. अशा वेळी दिलेल्या आश्वासनात राजकीय शहाणपण किती आणि न्यायबुद्धी किती, हे वेगळे काढता येत नाही. इनामदारांनी त्याचा अर्थ सरळ घेतला, की आज जे ताब्यात आहे ते उद्याही राहील. एल्फिन्स्टननंतर दख्खनचा कमिशनर झालेल्या विल्यम चॅप्लिनच्या काळातही जुन्या हक्कांना शक्यतो धक्का न लावण्याचेच धोरण होते. १८२७ साली एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत कायद्यांची जी संहिता झाली, त्यातील सतराव्या रेग्युलेशनमध्ये सारामाफीच्या दाव्यांसाठी नियम घालून दिलेले होते. तरीही सर्व इनामांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झडती घेण्याचा विचार तेव्हा प्रत्यक्षात आला नाही.

तो विचार पुढे आला त्यामागे जमीन मोजणीचा इतिहास आहे. रॉबर्ट कीथ प्रिंगल याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे भागात मोजणी करून, निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवण्याची योजना आखली. कागदावर नेटकी असलेली ही योजना प्रत्यक्षात कोसळली, कारण उत्पन्नाचे अंदाज चुकीचे होते, मोजणी कामगारांत लाचलुचपत होती आणि भाव घसरले होते. इंदापूर तालुक्यात तर कुळांनी जमिनी टाकून दिल्या. तेव्हा १८३५ पासून हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी तिथेच नव्या पद्धतीने काम सुरू केले. शेताचा क्रमांक निश्चित करायचा, जमिनीची प्रत आण्यांत लावायची, सारा सोसेल इतका ठेवायचा आणि तो तीस वर्षे वाढवायचा नाही, ही ती पद्धत होती. ३३ फुटांची साखळी, ४० गुंठ्यांचा एकर आणि प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर ही परिभाषा महाराष्ट्राच्या शेतकऱ्याच्या बोलण्यात तेव्हापासून रुजली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीला अधिकृत रूप दिले.

खालसा, म्हणजे पूर्ण सारा भरणाऱ्या, जमिनीचा सारा असा मर्यादित आणि तीस वर्षांसाठी बांधलेला झाल्यावर, वसूल वाढवण्याचे जे थोडे मार्ग उरले त्यांत दुमाला जमिनी ठळकपणे दिसू लागल्या. माझ्या मते मोजणी आणि इनामचौकशी ही एकाच प्रशासकीय वृत्तीची दोन अंगे होती, आणि दोन्हींकडे एकच माणूस दिसतो हे त्यामुळेच नवलाचे वाटत नाही. मोजणीचा शिल्पकार असलेल्या गोल्डस्मिडकडेच दक्षिण मराठा प्रदेशातील, म्हणजे धारवाड-बेळगाव भागातील, इनामांच्या चौकशीचे काम १८४३ मध्ये सोपवण्यात आले. तेथील चौकशीत अनेक सनदा बनावट किंवा अनधिकृत असल्याचे अहवाल येऊ लागले. गोल्डस्मिडनंतर हे काम हार्ट या अधिकाऱ्याकडे आले. मात्र या चौकशीला स्वतंत्र कायद्याचा आधार नव्हता. तो १८५२ मध्ये मिळाला आणि चौकशीचे क्षेत्र दख्खन आणि खानदेशातही विस्तारले. दरम्यान १८४८ मध्ये छत्रपती शहाजी यांच्या निधनानंतर दत्तक नामंजूर करून सातारा खालसा करण्यात आला होता, त्यामुळे तिथल्या असंख्य देणग्याही कंपनीच्या हिशेबात आल्या.

कायद्याला दोन परिशिष्टे जोडलेली होती. पहिल्यात कामकाजाची रीत होती आणि दुसऱ्यात हक्क पारखण्याचे नियम. खरा जोर दुसऱ्या परिशिष्टात आहे. ब्रिटिश सरकारने किंवा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याने एखादे इनाम वंशपरंपरेने चालवण्याचे स्पष्ट वचन दिले असेल, किंवा पूर्वीच्या राज्यातील सक्षम सत्तेची वंशपरंपरेची सनद असेल, तर ते चालू राहणार होते. सनद नसेल तर काळाची कसोटी होती. ब्रिटिश अंमल येण्यापूर्वी ६० वर्षे जमीन अखंड माफीने उपभोगली गेली असेल आणि अंमल सुरू होताना ती मूळ इनामदाराच्या नातवाच्या किंवा त्याच्या पुरुष वंशजाच्या अधिकृत ताब्यात असेल, तर अंमल सुरू होतानाच्या त्या धारकाचा पुरुष वंश असेपर्यंत इनाम चालेल. उपभोग ४० वर्षांचा असेल तर आणखी एका पिढीपुरतीच सवलत मिळेल. त्याहून कमी असेल तर साधारणपणे हयात धारकापुरती. देवळे, मशिदी आणि अशाच कायम संस्थांसाठी दिलेल्या जमिनींना मात्र कायमचे संरक्षण होते. सरंजाम, म्हणजे राज्याच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनी, आणि राजकीय स्वरूपाच्या देणग्या या नियमांनी बांधलेल्या नव्हत्या, त्यांचा निर्णय सरकार आपल्या मर्जीने घेई.

१८१८ च्या जाहीरनाम्याशी हे नियम ताडून पाहिले म्हणजे झालेला बदल ध्यानात येतो. तेव्हा वहिवाट पुरेशी होती. आता वहिवाटीचा आरंभ, मधल्या पिढ्या आणि प्रत्येक पिढीच्या ताब्याला मिळालेली राज्याची मान्यता दाखवावी लागत होती. 'अधिकृत ताबा' या दोन शब्दांत सगळे अडकले होते. बाजीराव दुसऱ्याच्या काळात दप्तराची आबाळ झाली होती आणि कित्येक घराण्यांतली कागदपत्रे लुटालुटीत, आगीत किंवा वाळवीत गेली होती. उलट सरकारच्या हाती पुण्याचे पेशवे दफ्तर होते. रोजकिर्दी, ताळेबंद आणि सरकारी हिशेब यांत एखाद्या देणगीची नोंद आहे की नाही हे कमिशनचे कारकून शोधत आणि नोंद सापडली नाही तर घरातली सनद संशयास्पद ठरे. प्रतिपक्षाच्या कपाटातला पुरावा आणून आपला हक्क सिद्ध करावा, अशीच ही अपेक्षा होती. त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे, की बनावट सनदा खरोखर होत्या, गावच्या हिशेबांत फेरफार करून माफी वाढवल्याची उदाहरणे होती, आणि त्या माफीचा भार शेवटी सारा भरणाऱ्या कुळावरच पडत असे. कमिशनच्या साहाय्यकांत एतद्देशीयही होते. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांनी १८५० च्या दशकात या कमिशनमध्ये काम केले होते.

कमिशनने सुमारे ३५,००० लहानमोठ्या इनामांचे पुरावे मागवले आणि पहिल्या पाच वर्षांत त्यांतील तीन-पंचमांश खालसा झाली, असा आकडा १८५७ विषयीच्या लेखनात वारंवार दिला जातो. आकड्याबद्दल मतभेद होऊ शकतात, परंतु भीती किती पसरली होती याबद्दल नाही. ज्याची चौकशी अजून झालेली नव्हती तोही उद्या आपली पाळी येणार या धाकात होता, आणि अशा जमिनीवर सावकार कर्ज तरी काय म्हणून देणार? मे १८५८ मध्ये नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांनी बंड करून चार्ल्स मॅन्सन या पोलिटिकल एजंटला सुरेबान येथे ठार केले. बाबासाहेबांचा राग मुख्यतः दत्तक नाकारल्याचा होता. तथापि मॅन्सन पूर्वी इनाम कमिशनमध्ये साहाय्यक होता आणि दक्षिण मराठा प्रदेशात त्याची ओळख त्या कामाशीच जोडलेली होती. पुढच्या वर्षी मुंबईचे संपादक रॉबर्ट नाइट यांनी कमिशनच्या कारभारावर झोड उठवणारी पुस्तिका प्रसिद्ध केली, म्हणजे टीका केवळ इनामदारांकडून होत होती असे नाही.

नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात, वडिलोपार्जित जमिनींविषयी हिंदी लोकांना वाटणारा जिव्हाळा आपण जाणतो आणि राज्याचे न्याय्य देणे सांभाळून त्या हक्कांचे रक्षण करू, असे सांगण्यात आले. त्याचे मुंबई इलाख्यातील व्यवहारी रूप म्हणजे १८६३ चा दुसरा कायदा. कमिशनच्या चौकशीला सामोरे जाण्याऐवजी इनामदाराने आकाराच्या, म्हणजे मोजणीने ठरलेल्या पूर्ण साऱ्याच्या, रुपयामागे चार आणे जुडी (सवलतीचा सारा) आणि त्यावर नजराण्याची वेगळी रक्कम दरवर्षी देण्याचे कबूल केले, तर पुरावा न मागता त्याचे इनाम वंशपरंपरेचे आणि हस्तांतरणीय म्हणून मान्य होई आणि तशी सनद मिळे. गुजरात आणि कोकणासाठी त्याच वर्षी सातवा कायदा झाला. बहुतेकांनी हा सौदा पत्करला. अनिश्चितता सरकारनेच निर्माण केली होती आणि तिच्यातून सुटण्याची किंमतही सरकारनेच ठरवली. हे मान्य करूनही, इनामदाराच्या दृष्टीने वर्षानुवर्षांच्या चौकशीपेक्षा चार आणे स्वस्त होते. जुडी आकारावर बसत असल्यामुळे दुमाला जमिनींनाही मोजणीचा आकार लागू करणे भाग पडले.

परगण्याच्या वतनदारांचा, म्हणजे देशमुख-देशपांडे यांचा, प्रश्न स्टुअर्ट गॉर्डन यांच्या समितीने १८६४ पासून वेगळ्या तडजोडीने सोडवला आणि सेवा माफ करून जुडी बसवली. गावच्या कनिष्ठ वतनदारांना अशी सुटका मिळाली नाही. १८७४ च्या वंशपरंपरागत पदांच्या कायद्याने त्यांची जमीन सेवेशीच बांधून ठेवली, आणि महार वतनातील हा जाच दूर करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले.

पेशवे दफ्तराचे कार्यालय पुढे पुष्कळ वर्षे एलिनेशन ऑफिस (एलिनेशन म्हणजे सारा सोडून दिलेल्या, दुमाला जमिनी) या नावानेच ओळखले जात होते, कारण सरकारच्या लेखी त्याचा उपयोग दुमाला जमिनींचे हक्क तपासणे हाच होता. इतिहाससंशोधकांना त्यातील निवडक कागद छापील स्वरूपात मिळायला १९३० चे दशक उजाडावे लागले. स्वातंत्र्यानंतर परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या, वैयक्तिक इनामे १९५२ च्या आणि कनिष्ठ गाव वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. देवस्थानाच्या जमिनी त्यातून वगळल्या गेल्या. १८५२ च्या नियमांत त्यांना कायम संरक्षण होते आणि १८६३ च्या कायद्यानेही त्या संस्थेपासून वेगळ्या करता येणार नाहीत अशी तरतूद केली होती. आज महाराष्ट्रात देवस्थान इनाम वर्ग ३ च्या जमिनीच्या विक्रीवरून जे वाद महसूल अधिकाऱ्यांपुढे चालतात, त्यांत मूळ देणगी देवाला होती की पुजाऱ्याला, हा प्रश्न कमिशनच्या काळातील नोंदी आणि सनदा काढूनच सोडवावा लागतो.