वेदर बँड वेगळा, मिडियम वेव्ह वेगळा: जंगलात हवामान नेमकं कशावर ऐकायचं

ऑनलाइन ते हँडल फिरवून चार्ज होणारे, वर सोलर पट्टी अन् बाजूला टॉर्च असलेले लाल-काळे 'इमर्जन्सी रेडिओ' मिळतात ना, त्यावर बहुतेक वेळा तीन बँड असतात, एएम, एफएम आणि डब्ल्यूबी. डब्ल्यूबी म्हणजे वेदर बँड. आता पेंच नाहीतर मेळघाटकडे तंबू घेऊन निघालेल्या माणसाला वाटतं की झालं काम, मोबाइलची रेंज गेली तरी हवामान कळत राहणार. तर नाही कळणार भाऊ. त्या डब्यावर आपल्या कामाचं बटण दुसरंच आहे, ते जुनंपुराणं एएम, ज्याच्याकडे कोणी बघतही नाही.

आधी वेदर बँड काय आहे ते बघू. अमेरिकेत नोआ नावाची सरकारी संस्था आहे, तिचं हवामान खातं 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात सात ठरलेल्या फ्रिक्वेन्सींवर चोवीस तास फक्त हवामान बोलत असतं. देशभर हजारावर ट्रान्समीटर आहेत, प्रत्येक छोटा, जास्तीत जास्त 1000 वॅटचा, आपल्या भोवतालच्या साठेक किलोमीटरपुरता. वादळ आलं की ट्रान्समीटर 1050 हर्ट्झचा एक टोन सोडतो, तो टोन ऐकून झोपलेला रेडिओ आपोआप ओरडायला लागतो. काही सेटमध्ये तर आपल्या जिल्ह्याचा कोड टाकला की फक्त तेवढ्याच इशाऱ्याला वाजतात. सिस्टीम भारी आहे, तिथल्या कॅम्पिंगवाल्यांसाठी तर जीव वाचवणारी.

पण ती तिथली. आपल्याकडे या सात फ्रिक्वेन्सींवर हवामान सांगणारं स्टेशनच नाही. म्हणून बटण दाबलं की नुसती सूंऽऽ अशी खरखर येते आणि माणूस समजतो अँटेना कमी पडतेय, मग अँटेना ताणतो, टेकडीवर चढतो, तार जोडतो, शेवटी रिव्ह्यूत लिहितो की रेडिओ खराब निघाला. रेडिओ बिचारा ठीकच असतो, बोलणारंच कोणी नाही. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही पण, कारण त्यावरचं ते 'अलर्ट' बटण ऑन करून कोणी निवांत झोपला तर ते वाजणारच नाही, आणि वाजलं नाही म्हणजे आभाळ साफ आहे असं समजून बसायचं, हे लय धोक्याचं. एप्रिल-मे मधे विदर्भात दुपारनंतर कसं अचानक भरून येतं, वारं सुटतं, गारा पडतात ते आपल्याला सांगायला नको.

आता एएम, म्हणजेच मिडियम वेव्ह. आकाशवाणी नागपूर 1948 पासून सुरू आहे, 'अ' केंद्र 585 किलोहर्ट्झवर, ट्रान्समीटर 300 किलोवॅटचा. वर सांगितलेल्या 1000 वॅटशी तुलना करून बघा. शिवाय या लांब लहरी दिवसा जमिनीला धरून जातात, टेकडी-झाडी आली म्हणून लगेच तुटत नाहीत. एफएमचं तसं नाही, ते बरंचसं समोरासमोरचं काम, मधे डोंगर आला की संपलं. विविध भारतीचं 100.6 नागपूर शहरात काचेसारखं स्वच्छ लागतं, पण मनसरच्या पुढे जंगलाकडे वळलं की कधी आहे कधी नाही. वेदर बँडही खरं तर एफएमच्याच जातीचा आहे, त्यामुळे उद्या आपल्याकडे तसं स्टेशन आलं तरी मेळघाटच्या दऱ्यांत ते पोचवायला जागोजागी टॉवर लागतील.

इथे एक बारीक गोम आहे जी डब्यावर कोणी लिहीत नाही. अमेरिकन सेटिंगच्या डिजिटल रेडिओत एएमची पायरी 10 किलोहर्ट्झची असते, आपल्याकडे स्टेशनं 9 च्या पायरीवर बसवलेली आहेत. म्हणजे तुम्ही बटण दाबत गेलात की 570, 580, 590 असं येईल, 585 येणारच नाही. 580 वर आवाज येतो पण फाटका, आणि मग पुन्हा तेच, रेडिओ खराब. सेटिंगमधे 9 आणि 10 असा पर्याय शोधा, कुठे बॅटरीच्या झाकणाखाली छोटा स्विच असतो तर कुठे रेडिओ बंद असताना एखादं बटण दाबून धरायचं असतं. गोल चकतीवाल्या जुन्या सेटला ही भानगडच नाही, काटा सरकवा अन् लावा, आणि तो नागपूरच्या बर्डी बाजारात स्वस्तातही मिळतो.

दुसरं, अँटेना. मिडियम वेव्हला ती वरची स्टीलची दांडी बहुतेक सेटमधे लागूच नसते, ती एफएमसाठी (आणि डब्ल्यूबीसाठी). एएमची अँटेना आत असते, काळ्या फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. ती कांडी साधारण रेडिओच्या लांबीत आडवी बसवलेली असते आणि तिला दिशा कळते. म्हणून दांडी ताणत बसण्यापेक्षा रेडिओच आडवा हळूहळू फिरवा, एका ठिकाणी आवाज एकदम भरतो आणि तिथून पाव वळसा दिला की पार मरतो. पेंचच्या सिल्लारी गेटला बसला असाल तर नागपूर दक्षिणेला, म्हणजे रेडिओची लांब बाजू नागपूरकडे तोंड करून ठेवायची, टोक नाही. गाडीत बसून लावू नका, पत्रा सिग्नल खातो. आणि एलईडी कंदील, चार्जर, पॉवर बँक शेजारी असेल तर घूंऽऽ करून सगळं झाकून टाकतं, ते दूर ठेवा.

रात्री मिडियम वेव्हवर दूरदूरची स्टेशनं घुसतात कारण दिवसा लहरी खाणारा आकाशातला थर सूर्य मावळला की विरतो, ऐकायला मजा असते पण नागपूरच्या आवाजावर दुसरी भाषा चढू शकते, तेव्हा पुन्हा रेडिओ फिरवून बघायचा.

आता दोन्हीत खरा फरक कुठे पडतो, तर वेदर बँड तुम्हाला स्वतःहून उठवतो, आकाशवाणी उठवत नाही. बातम्यांची वेळ पाळून ऐकावं लागतं आणि अंदाज येतो तो सगळ्या विदर्भाचा नाहीतर जिल्ह्याचा, तुमच्या तंबूचा नाही. तो अंदाज देतं नागपुरातल्या सोनेगावचं प्रादेशिक हवामान केंद्र. त्यात 'तुरळक ठिकाणी' म्हटलं तर विभागातल्या फार तर पाव ठिकाणी पाऊस, पण त्या पाव ठिकाणांत तुम्ही असू शकता. पुढच्या तीनेक तासांचा तातडीचा इशारा हवा असेल तर तो हवामान खात्याच्या साइटवर, आणि विजेसाठी 'दामिनी' ॲप आहे, पण दोन्हीला नेट लागतं. म्हणून पेंचजवळच्या देवलापारला रेंज आहे तोवर बघून घ्या, जंगलात शिरल्यावरचं रेडिओवर.

आणि एक फायदा जो वेदर बँडमधेही नाही. वीज चमकली की मिडियम वेव्हवर कड्कड् असा तडाखा येतो, एफएमवर तो जवळपास ऐकूच येत नाही. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवून आवाज बारीक करून सोडा. सुरुवातीला मिनिटातून एखादा कड्क, मग दाट व्हायला लागले, जोर वाढला की वादळ इकडेच सरकतंय असं समजून उघड्यावरून आणि मोठ्या झाडाखालून निघा, गाडीत बसा. हे अंदाजाचंच आहे, नेमकं किती लांब ते सांगता येत नाही, आणि शेजारच्या चार्जरची कटकट त्यात मिसळू शकते. पण आभाळ झाडीआड असतं तेव्हा डोळ्यांच्या आधी हे कळतं.

मोबाइलमधल्या रेडिओचा विचार करत असाल तर तो फक्त एफएम आहे, मिडियम वेव्ह त्यात येत नाही, आणि एफएमलाही इअरफोनची वायर अँटेना म्हणून लावावी लागते. वेगळा सेट न्यायचाच. अन् बफरमधल्या, म्हणजे राखीव जंगलाच्या कडेच्या पट्ट्यातल्या, कॅम्पवर असाल तर तो इअरफोन लावूनच ऐका, तिथे स्पीकर लावलेला ना गाइडला आवडत ना जनावरांना.