आतून रेडिएशन दिलं म्हणजे ऑपरेशन बंद?

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायटी-ग्रुपवर फिरणारा जुना मेसेज: ‘यकृताच्या कॅन्सरला आतून रेडिएशन दिलं की ऑपरेशन विसरा.’

तसं नाही. हा उपचार बहुधा ऑपरेशन न जमणाऱ्यांनाच मिळतो, म्हणून समज रुजला असावा. गाठ मुख्यतः यकृताच्या धमनीवर पोसते, निरोगी यकृत पोर्टल शिरेवर. त्यामुळे धमनीतून सोडलेल्या यट्रियम-९० या किरणोत्सर्गी पदार्थाच्या सूक्ष्म मण्यांचा मारा बहुतांशी गाठीवरच बसतो. ऊतींत तो सरासरी अडीच मिलिमीटर जातो, दर ६४ तासांनी निम्मा होतो. पुढच्या काही महिन्यांत गाठ आक्रसू शकते, यकृताची मारा बसलेली बाजू लहान होते आणि दुसरी वाढते (यकृताची ही खोड इथे कामी येते!). मग काहींना, सगळ्यांना नव्हे, ऑपरेशन शक्य होतं.

पडताळायचं तर नव्या सीटी स्कॅनवरून डॉक्टरांना विचारा: कापल्यावर यकृत किती टक्के उरेल? सिरॉसिस (यकृतात व्रण पडून ते कडक होणं) असेल तर साधारण ४० टक्के तरी लागतं.