ड्रिल जिथे, बॉक्स तिथे

अमळनेरच्या आमच्या घरी नव्या कंपनीचं नेटचं फायबर टाकायला पोरगा आला, तेव्हा त्याने आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं जुनं घर, मातीच्या भिंती दीड हात जाड. "भाऊ, ड्रिलला एवढा लांब बिट नाही माझ्याकडे," म्हणाला. मग खिडकीच्या चौकटीशेजारी त्याला एक जुनं भोक सापडलं, कधीकाळच्या टीव्हीच्या केबलचं. वायर तिथून आत आली आणि बॉक्स तिथेच खाली ठोकला गेला. शेजारी ज्वारीची पत्र्याची कोठी. वीस मिनिटांत काम संपलं.

कंपनी बदलण्याचं आमचं कारण एकच होतं: स्वयंपाकघरात नेट येत नव्हतं. नवं कनेक्शन पुढच्या खोलीत घोड्यासारखं पळायला लागलं, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातून आईची हाक आलीच, "नेट कथा गयं?" म्हणजे, नेट कुठे गेलं?

गंमत अशी की नेट घरात दोन टप्प्यांनी येतं. कंपनीपासून बॉक्सपर्यंत तारेतून, आणि बॉक्सपासून मोबाइलपर्यंत हवेतून. कंपनी बदलली की पहिला टप्पा बदलतो. दुसरा आपला, जसाच्या तसा.

पहिल्या टप्प्यात फरक खराच मोठा असतो. जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेत आवाज ४ किलोहर्ट्झच्या आत मावतो आणि नेट त्याच्या वरच्या लहरींवर चढून येतं, साधारण २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. लहर जितकी वरची, तितकी ती तांब्यात लवकर विरते. म्हणून एक्सचेंजच्या जवळच्या घरात नेट पळायचं आणि तीन-चार किलोमीटरवरच्या मळ्यात रांगायचं. त्या लहरींवर माहिती चढवणारा नि उतरवणारा तो मोडेम: मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांची डोकी जोडून झालेलं नाव. फायबरच्या बॉक्सलाही आपण मोडेमच म्हणतो, आणि त्यात काही बिघडत नाही.

फायबरमध्ये विजेच्या लहरींऐवजी उजेड येतो. काचेच्या तंतूची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा थोडी जास्त. पण उजेड धावतो तो त्याच्या पोटातल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. गाभ्याची काच बाहेरच्या काचेपेक्षा किंचित जास्त दाट, त्यामुळे तिरपा येणारा किरण कडेवर आपटून पुन्हा आत वळतो. हे घरी बघता येतं. प्लास्टिकच्या बाटलीला खाली बारीक भोक पाडा, पाणी भरा आणि अंधारात मागून लेझरचा किरण भोकाच्या रोखाने सोडा. पाण्याच्या धारेबरोबर उजेडही वाकून खाली येतो. जिनिव्हात डॅनियल कोलाडोनने १८४१ च्या सुमारास हाच खेळ दाखवला होता. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्सबरोबर १९५४ मध्ये काचतंतूंच्या जुडीतून चित्र पाठवून दाखवलं. तंतू लांबवर बोलणं नेऊ शकेल, फक्त काच शुद्ध हवी, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडलं आणि त्यासाठी त्यांना २००९ चं नोबेल मिळालं.

आपल्या गल्लीत खांबावर जी छोटी पेटी लटकते, तिला वीज लागत नाही. तिच्यात एका तंतूतला उजेड ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. घरी येणारा उजेड १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, घरून जाणारा १३१० चा. दोन्ही एकाच तंतूतून, एकमेकांना न अडखळता. डोळ्याला दोन्ही दिसत नाहीत, म्हणून "उजेड येतोय का बघू" म्हणत तोंड उघडं असलेली वायर डोळ्यासमोर धरू नये. शेजाऱ्याचं नेटही तुमच्या बॉक्सपर्यंत येतंच, फक्त ते कुलूपबंद असतं. उलट जाताना मात्र रेशनच्या दुकानासारखी रांग: प्रत्येक घराने आपल्या वेळेलाच उजेड पाठवायचा.

लाइनमन मीटर लावून "मायनस बावीस, चांगलंय" म्हणतो, ते याच उजेडाचं माप. दर ३ डेसिबलला उजेड निम्मा होतो. ३२ घरांत वाटायचा म्हणजे पाच वेळा निम्मा, तिथेच १५ गेले. उणे २० म्हणजे एका मिलिवॉटचा शंभरावा भाग, आणि एवढ्याशा उजेडावर बॉक्स मजेत चालतो. उणे २७-२८ च्या खाली गेलं की तो कासावीस होतो, लाल दिवा लागतो. खिळ्याभोवती वायर करकचून गुंडाळली तरी हेच होतं, कारण कडक वळणावर उजेड बाहेर गळतो. जुन्या जातीच्या फायबरला ३ सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचं वळण नको. हल्ली घरोघर टाकतात ती जात एक सेंटिमीटरपर्यंत सोसते. तरी खिळा नकोच.

आता आईचं स्वयंपाकघर. वायफाय ही रेडिओलहर. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब, ५ गिगाहर्ट्झची सहाच्या आसपास. दुसरी वेगवान, पण भिंत तिला जास्त छळते. ओल धरलेली मातीची भिंत तर दोघींनाही शोषते, कारण पाणी या लहरी गिळतं. पत्रा त्या गिळत नाही, सरळ परतवतो. आणि आमचा बॉक्स कोठीला टेकून! एका बाजूला पत्रा, पलीकडे दोन मातीच्या भिंती, मग पितळी-स्टीलच्या भांड्यांची मांडणी, आणि तिच्यामागे आईचा मोबाइल. यात कंपनी बिचारी काय करणार?

म्हणून कंपनी बदलण्याआधी एक तपासणी करावी. मी ती नंतर केली. लॅपटॉप लॅन केबलने थेट बॉक्सला जोडायचा आणि स्पीड मोजायचा. माझा प्लॅन १०० चा, केबलवर ९४ आले, स्वयंपाकघरात वायफायवर ६. म्हणजे दोष घराचा. केबलवरही रात्री नऊला रडत असेल आणि पहाटे पळत असेल, तर मात्र गर्दी कंपनीच्या बाजूला आहे, खुशाल बदला. मोजताना एक ध्यानात असू द्या: १०० म्हणजे मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून फाइल उतरताना सेकंदाला साडेबाराच मेगाबाइट दिसतात. यावरून कंपनीशी भांडलेले लोक मला माहीत आहेत. एक तर मीच.

मोबाइलचा नंबर २०११ पासून देशभर तसाच ठेवून कंपनी बदलता येते; घरच्या नेटला अशी सोय नाही. नवं सुरू झाल्यावर जुनं आठवडाभर राहू द्यावं, मग लेखी बंद करावं आणि बॉक्स परत दिल्याची पावती घ्यावी. आमच्या जुन्या कंपनीने पावती मागितल्यावर असं पाहिलं, जणू मी त्यांची जमीन मागितली.

नव्या बॉक्सला जुनंच वायफायचं नाव आणि पासवर्ड दिला की घरातले सगळे मोबाइल नि टीव्ही आपोआप जोडले जातात. बॉक्समागे स्वतःचा राऊटर, म्हणजे वायफाय वाटणारा डबा, लावणार असाल तर घरातल्या मोबाइल-टीव्हींना नेटवरचे पत्ते दोघांपैकी एकानेच द्यावेत. नाहीतर मळ्यातला जुना कॅमेरा मोबाइलवर दिसेनासा होतो. बॉक्स ब्रिज मोडवर टाकायला सांगायचं, म्हणजे तो नेट नुसतं पुढे ढकलतो आणि पत्ते राऊटर देतो; किंवा राऊटर नुसता अॅक्सेस पॉइंट म्हणून चालवायचा, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवतो आणि पत्ते बॉक्स देतो. मी दुसरं केलं.

लॅन केबल १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. ती दाराच्या चौकटीवरून, एकही भोक न पाडता, मधल्या खोलीत नेली आणि जुना राऊटर दाराच्या वर फळीवर ठेवला. स्वयंपाकघरात आता ६० येतात. बारा व्होल्टची छोटी बॅटरीही लावली. लाइट गेल्यावर दोन्ही डबे तीन तास जागे राहतात. राऊटर दाराच्या वर गेला, तसा मे महिन्यात तापायलाही लागला, कारण धाब्याखालची गरम हवा वरच साचते. म्हणून फळी वीतभर खाली घेतली.

कोठी मात्र आहे तिथेच आहे. ती हलवायला चार माणसं लागतात, आणि त्याआधी ज्वारी उपसावी लागते.