चराई आणि पर्वतीय वनस्पतिसृष्टी

डोंगरउतारांवर आणि वृक्षरेषेच्या (जिच्या वर झाडे वाढत नाहीत त्या उंचीच्या) वरच्या कुरणांवर वन्य व पाळीव प्राणी चरल्यामुळे वनस्पतींच्या जाती, उंची, दाटी व पुनरुत्पत्ती यांत जे बदल होतात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. थंडी, वारा, बर्फ व पातळ मृदा यांमुळे पर्वतावर कोणत्या वनस्पती उगवू शकतात यावर मर्यादा पडते. परंतु उगवलेल्यांपैकी पसरणाऱ्या कोणत्या आणि मागे हटणाऱ्या कोणत्या, हे बऱ्याच उतारांवर चरणाऱ्या जनावरांवर अवलंबून असते.

गवताचा वाढबिंदू जमिनीलगत असतो, त्यामुळे पाती खाल्ली गेली तरी खालून नवी पाती फुटतात. झुडपे, रोपटी आणि उंच पालेदार वनस्पती यांचे वाढबिंदू शेंड्यांवर असल्याने एकाच घासात त्यांची हंगामभराची वाढ नाहीशी होऊ शकते. वाढीचा काळ जेमतेम दोन-तीन महिन्यांचा असणाऱ्या उंचीवर ही हानी भरून काढायला पुरेसा अवधी मिळत नाही. म्हणून सततच्या चराईखाली गवते आणि जमिनीला चिकटून वाढणाऱ्या बुटक्या वनस्पती वरचढ होतात. मात्र सर्व जनावरे सारखी चरत नाहीत. गाय जिभेने गवताचा झुपका वेढून ओढते, त्यामुळे तिला फार खालून खुडता येत नाही. मेंढी दुभंगलेल्या ओठामुळे अगदी जमिनीलगत कुरतडते. शेळीचा ओढा पाला, साल व कोवळ्या फांद्यांकडे असतो. त्यामुळे हेक्टरी किती जनावरे चरतात एवढाच आकडा दिला, तर त्यातून कुरणाच्या भवितव्याविषयी फारसे कळत नाही.

जे खाल्ले जात नाही त्याचा परिणाम बहुधा अधिक टिकाऊ ठरतो. युरोपातील पर्वतांवर नार्डस स्ट्रिक्टा हे राठ गवत मेंढ्या टाळतात. तोंडात आलाच तर झुपका उपटून टाकून देतात. गोड गवते खाल्ली जात असताना हे गवत मोकळी जागा व्यापत जाते. पांढरे व्हेराट्रम विषारी असल्याने, तर पिवळे जेन्शियन अतिशय कडू असल्याने गुरांच्या कुरणातही ताठ उभे दिसते. काटेरी जुनिपरच्या आडोशाला एखादे रोप जनावरांच्या तोंडापासून वाचून झाड होते, त्यामुळे नको असलेले झुडूपच वनाच्या परतीची सुरुवात ठरू शकते.

थंड हवेत कुजण्याची क्रिया संथ असते, त्यामुळे शेण, लेंड्या व मूत्र यांतून परत मिळणाऱ्या नायट्रोजनाला तेथे विशेष महत्त्व असते. पण हे खत सर्वत्र सारखे पडत नाही. जनावरे दिवसा उतारावर चरतात आणि रात्री सपाटीवर किंवा गोठ्याजवळ बसतात, म्हणजेच उतारावरचे पोषण बसण्याच्या जागी साचत जाते. आल्प्समधील गुराख्यांच्या झोपड्यांभोवती रूमेक्स अल्पायनस या रुंद पानांच्या वनस्पतीची दाट बेटे आढळतात. झोपडी ओस पडल्यावर काही दशकांनंतरही ती टिकून राहतात. अँडीजमधील व्हिकुन्या हे उंटाच्या कुलातील वन्य प्राणी ठरावीक जागी लेंड्यांचे सामूहिक ढीग करतात आणि त्या जागांवर आसपासच्या उजाड जमिनीपेक्षा वेगळी हिरवळ दिसते.

वृक्षरेषेची उंची ही तापमानाची खूण मानली जाते, पण हे पूर्णतः खरे नाही. आल्प्समध्ये शतकानुशतकांच्या तोडीने व चराईने ही रेषा हवामानाला शक्य असलेल्या उंचीपेक्षा खाली आली होती. विसाव्या शतकात कुरणे ओस पडू लागल्यावर तेथे झाडे परतली, आणि अनेक उतारांवर हिरव्या आल्डरची झुडपे इतकी दाट माजली की कुरणातील फुलझाडांना जागा उरली नाही. स्कॉटलंडच्या डोंगरांत तांबडी हरणे व मेंढ्या यांच्यामुळे बुटक्या पर्वतीय विलोच्या काही जाती प्रामुख्याने कड्यांच्या अवघड कपारींत उरल्या आहेत. त्या कपारींनाच या जातींचे नैसर्गिक वसतिस्थान समजणे ही चूक होईल. तोंड पोहोचत नाही, म्हणून त्या तेथे टिकल्या आहेत.

वन्य प्राणी बर्फ वितळेल तसतसे कोवळ्या पाल्यामागे वर सरकतात. हिमालयातील भरलासारखे (रानमेंढीसारखा दिसणारा प्राणी) प्राणी हिंस्र पशूंच्या भीतीने सुळक्यांजवळ राहतात, त्यामुळे चराई विखुरली जाते. पाळीव कळप कोठे व किती दिवस थांबेल, हे मेंढपाळ ठरवतो. तरीही वन्य चराई सौम्य आणि पाळीव चराई घातक, ही विभागणी टिकत नाही. तिबेटच्या पठारावर सुमारे ४,५०,००० चौ. किमी. क्षेत्रावर नागरमोथ्याच्या कुलातील कोब्रेसिया पिग्मियाचा, जेमतेम २ ते ४ सेंमी. उंचीचा, घट्ट गालिचा आहे आणि तो याक व मेंढ्यांच्या दीर्घ चराईतून घडला असावा, असे मानले जाते. कुंपण घातल्यास त्यात उंच गवते शिरतात. याउलट न्यूझीलंडमध्ये वटवाघळे सोडली तर स्थानिक भूचर सस्तन प्राणी नव्हते. तेथे १९०४ मध्ये सोडलेल्या हिमालयी ताहराने (रानबकऱ्यासारख्या प्राण्याने) हिम-टसॉक या झुपक्यांनी वाढणाऱ्या गवताची मोठी हानी केली. हाच प्राणी हिमालयात तेथील वनस्पतींबरोबर युगानुयुगे नांदत आला आहे.

उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तेथील चराई थांबली. पुढे पॉलिगोनम पॉलिस्टाकियम ही उंच, झुबक्याने वाढणारी वनस्पती पसरून बुटक्या फुलझाडांना झाकू लागली. चराई थांबल्याने तिला मोकळीक मिळाली असे काही अभ्यासक म्हणतात, तर पूर्वीच्या अतिचराईने व कळपांच्या मुक्कामांनी बिघडलेल्या जमिनीवरच ती रुजली असे इतरांचे मत आहे. दोन्ही कारणे एकाच दरीत वेगवेगळ्या जागी खरी असू शकतात. मेंढ्या जे काम आपसूक करत असतील, त्यापैकी काही आता उद्यानाचे कर्मचारी ही वनस्पती हातांनी उपटून करतात.